हार्मोन खाणारा जिवाणू

पाळीच्या आधी, बाळंतपणानंतर किंवा पाळी जायच्या वयात बाई खचली की घरातलं कुणीतरी म्हणतं, "तिचा स्वभावच तसा!" हे वाक्य मला फार लागतं. या तिन्ही वेळी शरीरात इस्ट्रोजेनची उलथापालथ चाललेली असते, आणि हे हार्मोन मेंदूवरही काम करतं. चीनमधल्या वुहानच्या संशोधकांनी २०२३ मध्ये त्याचा माग थेट आतड्यापर्यंत काढला.

आता हार्मोन आतड्यात येतं कसं? यकृत इस्ट्रोजेनला साखरेपासून बनलेला एक रेणू जोडतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं. तिथून ते शौचावाटे बाहेर पडायचं. पण आतड्यातले काही जिवाणू ती जोडणी तोडतात आणि मोकळं झालेलं हार्मोन पुन्हा रक्तात शोषलं जातं. म्हणजे रक्तात ते किती उरणार, हे थोडंफार जिवाणूंच्याही हातात असतं.

वुहानच्या गटाने १८ ते ४५ वयाच्या, नैराश्य असलेल्या ९१ आणि नसलेल्या ९८ स्त्रियांचं रक्त तपासलं. इस्ट्राडिऑल हे इस्ट्रोजेनचं मुख्य रूप. नैराश्य असलेल्यांमध्ये ते सरासरी ४३ टक्के कमी भरलं. मग विष्ठेतले जिवाणू बशीत वाढवले, तेही इस्ट्राडिऑलच्या खुराकावर. त्यातून क्लेब्सिएला एरोजेनेस हा जिवाणू हाती लागला. इस्ट्राडिऑल मोडणारं विकर त्याच्याकडे आहे. त्या विकराचं जनुक ई. कोलायमध्ये घालून ते जिवाणू उंदरांना पाजले, तेव्हा त्यांच्या रक्तातलं आणि मेंदूतलंही इस्ट्राडिऑल घटलं, आणि उंदीर खिन्न वागू लागले.

उंदराची खिन्नता मोजायची एक नेहमीची रीत अशी: त्याला पाण्यात सोडायचं आणि हातपाय मारणं थांबवून तो किती वेळ नुसता तरंगतो, ते घड्याळ लावून पाहायचं. माणसाचं दुःख त्यात मावत नाही. शिवाय नैराश्य असलेल्या स्त्रियांमध्ये हा जिवाणू जास्त आढळला, सगळ्यांमध्ये नाही. म्हणून एवढं वाचून कुणी मानसोपचारतज्ज्ञांची गोळी बंद करू नये, की जिवाणूंच्या कॅप्सूल आणायला धावू नये.

मला मात्र एक प्रश्न सुचतो. तोंडाने घेतलेली इस्ट्रोजेनची गोळीही आतड्यातूनच जाते. तिच्यातलं किती हार्मोन रक्तात पोचतं आणि किती वाटेतच फस्त होतं, हे अशा रुग्ण स्त्रियांमध्ये तपासायला हवं.