एक दुरुस्ती, अनेक शाखा

प्रास्ताविक

तंजावरच्या राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायक राजांच्या काळात या संग्रहाची सुरुवात झाली. पुढे भोसले राजांनी तो जोपासला आणि दुसरे सरफोजीराजे (१७७७–१८३२) यांनी तो विशेष समृद्ध केला. १९१८ साली हे ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले. संस्कृत, तमिळ, तेलुगू यांबरोबर तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते येथे आहेत. महाराष्ट्रापासून इतक्या दूर मराठी पोथ्या जतन झाल्या, ही आपल्या भाषेच्या इतिहासातील मोलाची गोष्ट आहे.

या पोथ्यांच्या अभ्यासकांना एक जुनाच प्रश्न नेहमी भेडसावतो. एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती असतील आणि त्यांत चूक सापडली, तर ती नेमकी कोठे कोठे दुरुस्त करायची? आज संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनाही रोज हाच प्रश्न सोडवावा लागतो. या पाठात आपण त्याचीच ओळख करून घेणार आहोत.

शाखा कशा फुटतात?

समजा, एका मूळ पोथीवरून तीन लेखनिकांनी तीन प्रती केल्या. त्या तीन वेगवेगळ्या गावी गेल्या आणि प्रत्येकीवरून पुढे आणखी प्रती झाल्या. मूळ पोथीतच एखादी ओळ गळली असेल, तर ती तिन्ही घराण्यांत गळलेली दिसेल. दुसऱ्या लेखनिकाच्या हातून चूक झाली असेल, तर ती फक्त त्याच्या प्रतीच्या वंशात उतरेल. म्हणून चूक सापडली की पहिला प्रश्न विचारावा, ‘ही चूक शिरली केव्हा?’ शाखा फुटण्यापूर्वी शिरली असेल, तर सर्व शाखा तपासाव्या लागतात. नंतर शिरली असेल, तर एकच.

दुरुस्ती आपोआप पसरत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ दूर करून शुद्ध प्रत सिद्ध केली. पुढे तिची परंपरा सर्वत्र रूढ झाली. तरीही वेगळा पाठ देणाऱ्या प्रती उरल्याच. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेली ज्ञानेश्वरी एकनाथपूर्व पोथीवर आधारलेली असल्याचे त्यांचे म्हणणे होते.

संगणकातील पोथ्या

संगणकाची आज्ञावलीही सतत लिहिली जात असते. तिच्यातील प्रत्येक बदल कोणी, केव्हा व का केला, याची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेला आवृत्ती-नियंत्रण म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेली ‘गिट’ ही अशीच एक व्यवस्था आहे. तिच्यात प्रत्येक बदलाच्या नोंदीला ‘कमिट’ म्हणतात आणि प्रत्येक कमिटला स्वतंत्र ओळखचिन्ह असते.

आज्ञावलीची एक आवृत्ती लोकांच्या हाती दिली, तरी काम थांबत नाही. मुख्य शाखेवर नव्या सोयींची भर पडत राहते. दिलेल्या आवृत्तीसाठी मात्र वेगळी शाखा राखावी लागते, कारण ती वापरणाऱ्यांना नव्या सोयींची घाई नसते. त्यांना स्थैर्य हवे असते. काही वर्षांत अशा तीन-चार शाखा एकाच वेळी जिवंत असतात. त्यांतील एकीत दोष सापडला की कसोटी सुरू होते.

दुरुस्तीचे दोन मार्ग

पहिला मार्ग असा. दोष ज्या सर्वांत जुन्या जिवंत शाखेत आहे, तेथे दुरुस्ती करावी आणि ती शाखा पुढच्या शाखेत, तीही त्यापुढच्या शाखेत मिसळत जावे. गिटचे निर्माते स्वतः असेच करतात. जुन्यातील प्रत्येक दुरुस्ती नव्यात असलीच पाहिजे, हे यामुळे साधते.

दुसरा मार्ग याच्या उलट आहे. दुरुस्ती आधी मुख्य शाखेत करावी आणि नंतर तेवढीच एक नोंद निवडून जुन्या शाखांत न्यावी. या निवडीला ‘चेरी-पिक’ म्हणतात. लिनक्सच्या स्थिर शाखांचा हाच दंडक आहे. मुख्य शाखेत न आलेली दुरुस्ती तेथे सहसा स्वीकारली जात नाही, आणि मूळ नोंदीचे ओळखचिन्हही सोबत लिहावे लागते.

मार्ग कोणताही असो, मुख्य शाखेला विसरून चालत नाही. घाईघाईने केवळ जुन्या शाखेत दुरुस्ती केली, तर पुढची नवी आवृत्ती बाहेर पडताच तोच दोष पुन्हा उभा राहतो. तसेच जुन्या शाखेतील मजकूर वेगळा असल्यास दुरुस्ती तेथे जशीच्या तशी बसत नाही. ती जुळवून घ्यावी लागते आणि प्रत्येक शाखेत स्वतंत्रपणे तपासावी लागते.

एक बोलके उदाहरण

इंटरनेटवरील संदेश गुप्त राखण्यासाठी ‘ओपनएसएसएल’ ही आज्ञावली जगभर वापरली जाते. एप्रिल २०१४ मध्ये तिच्यातील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला. त्यामुळे सर्व्हरच्या स्मृतीतील पासवर्ड व गुप्त किल्ल्या परक्यांना वाचता येणे शक्य होते. हा दोष मार्च २०१२ मध्ये आलेल्या १.०.१ या आवृत्तीपासून होता. ०.९.८ आणि १.०.० या जुन्या शाखांत तो नव्हताच. ७ एप्रिल २०१४ रोजी १.०.१जी ही दुरुस्त आवृत्ती निघाली.

डेबियन या संगणकप्रणालीने मात्र आपल्या स्थिर शाखेत १.०.१ई हीच आवृत्ती कायम ठेवून तेवढी दुरुस्ती तिच्यात आणली. त्यामुळे केवळ १.०.१ई हा आकडा पाहणाऱ्याला दुरुस्त झालेली प्रतही सदोष वाटली असती. दुरुस्ती झाली की नाही, हे शाखेतील नोंदीच सांगू शकत होत्या.

समारोप

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्यासाठी दाक्षिणात्य लिपींतील पोथ्या ताडून पाहण्याचे एक केंद्र सरस्वती महालातच होते. संपादक वि. सी. सुखटणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीकारलेला पाठ वर छापला आणि इतर पोथ्यांतील पाठभेद खाली नोंदवले. कोणत्या शाखेत काय आहे, हे त्यामुळे आजचा वाचकही पडताळून पाहू शकतो.

पोथी असो वा आज्ञावली, चूक कोठे शिरली ते शोधावे, ती जेथे जेथे उतरली तेथे दुरुस्ती पोहोचवावी आणि केलेले काम लिहून ठेवावे. आपल्यानंतर ती प्रत हाती घेणाऱ्या अनोळखी माणसाचा विश्वास या नोंदीवरच उभा असतो.

स्वाध्याय

१. चूक सापडल्यावर ती केव्हा शिरली, हे आधी का शोधावे?
२. दुरुस्तीच्या दोन मार्गांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
३. तुमच्या घरातील एखाद्या आरतीच्या किंवा पाककृतीच्या दोन हस्तलिखित प्रती ताडून पाहा आणि त्यांतील भेद नोंदवा.