पाजणाऱ्या आईचे ताटही भरलेले हवे

बाळाला पाजायला घेतले की पहिले काही दिवस अनेक बाळंतिणींच्या ओटीपोटात कळा येतात. ‘आत काही राहिले तर नाही ना?’ या भीतीने काही जणी पाजणेच टाळतात. खरे तर या कळा बहुधा चांगली खूण असतात. बाळ दूध ओढू लागले की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते. त्यामुळे दूध वाहते आणि गर्भाशयही आकुंचन पावून रक्तस्राव आटोक्यात राहतो. मात्र ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा जास्त रक्तस्राव असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

अंगावर पाजणाऱ्या स्त्रीची पाळी बहुधा उशिरा सुरू होते. त्यामुळे शरीरातील लोह वाचते. पण केवळ पाळी आली नाही म्हणून निर्धास्त राहू नये. बाळ सहा महिन्यांच्या आतले, पाळी आलेली नाही आणि बाळ रात्रंदिवस फक्त आईच्या दुधावर, या तिन्ही गोष्टी असतील तरच गर्भधारणेची शक्यता फार कमी असते. यातली एकही मोडली, तर गर्भनिरोधक साधन वापरावे.

आई रोज साधारण पाऊण लिटर दूध देते. त्यातले कॅल्शियम काही अंशी तिच्या हाडांतून येते. या काळात हाडांची घनता 3 ते 5 टक्क्यांनी घटू शकते. दूध तोडल्यावर ती झीज बहुतेकींची भरून निघते.

म्हणूनच बाळंतिणीला डाळ, भाजी, फळे बंद करणे, पाणी मोजून देणे चुकीचे आहे. पहिल्या सहा महिन्यांत तिला रोज सुमारे 600 किलोकॅलरी जास्त लागतात. डिंकाचा लाडू, अळिवाची खीर खुशाल द्यावी. पण सोबत नाचणीची भाकरी, उसळ, पालेभाजी, दूध-दही, चालत असल्यास अंडी-मासे हवेतच. तहान लागेल तेव्हा पाणी प्यावे. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोह व कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर 180 दिवस घ्याव्यात. दोन्ही एकाच वेळी घेऊ नयेत, किमान दोन तासांचे अंतर ठेवावे.

स्तनपानामुळे पुढील आयुष्यात स्तनाचा व अंडाशयाचा कर्करोग, तसेच मधुमेह यांचा धोकाही कमी होतो. हा लाभ पदरात पडेपर्यंत आईचे शरीर दोन जिवांचा भार वाहत असते. ‘बाळाने दूध घेतले का?’ असे घरात दिवसातून दहादा विचारले जाते. ‘तू जेवलीस का?’ हेही तितक्याच वेळा विचारायला हवे.