कानाशी 580 व्होल्ट

‘कानाला 580 व्होल्ट? डोकं ठिकाणावर आहे ना?’ इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन घ्यायचे म्हटले की घरून येणारा पहिला प्रश्न हाच. आकडा खरा आहे. जपानच्या स्टॅक्स कंपनीने असा पहिला हेडफोन 1960 साली विकायला आणला आणि तिच्या आजच्या मॉडेलांत पडद्याला 580 व्होल्टचा दाब असतो. पण हा दाब काही मेगाओहमच्या रोधातून येतो, त्यामुळे प्रवाह मिलिअँपिअरच्या दहाव्या भागाच्या आसपासच मिळू शकतो. भ्यायचेच तर अॅम्प्लिफायरच्या पेटीला भ्यावे. तिच्या आत शेकडो व्होल्ट खेळत असतात. झाकण उघडून हौशी दुरुस्ती करू नये. थेट जपानहून मागवलेली पेटी बहुधा 100 व्होल्टची असते. ती आपल्याकडच्या 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये खुपसली तर हेडफोन ऐकणे तिथेच आटोपते.

‘आपल्या नेहमीच्या अॅम्प्लिफायरला जोडू की!’ हेही जमत नाही. साध्या हेडफोनमध्ये तारेचे वेटोळे लोहचुंबकात हलते. इथे वेटोळेच नाही. दोन सच्छिद्र पत्र्यांमध्ये भारित प्लॅस्टिकचा पडदा ताणलेला असतो, आणि पत्र्यांवरचा संगीताचा विद्युतदाब त्याला एकीकडून ढकलतो, दुसरीकडून ओढतो. त्यासाठी वेगळा अॅम्प्लिफायर आणि वेगळा प्लग लागतो. एक मायक्रॉन जाडीच्या अशा पडद्याचे वजन जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीच्या हवेच्या थराइतके भरते. या तंत्राचे खरे आकर्षण तेवढ्यात आहे.

यावरून ‘इतक्या पातळ पडद्याला खर्ज कुठून झेपणार?’ असा तर्क निघतो. काळी एकच्या पट्टीत मिरजेच्या तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झला बोलते. चांगला इलेक्ट्रोस्टॅटिक त्याच्याही बराच खाली उतरतो. अडचण येते ती गादी कानाभोवती नीट न बसल्याने. चष्म्याच्या काडीने फट पडली तरी खर्ज गळतो, आणि दोष मात्र तंत्राच्या नावावर जमा होतो. कप दाबल्यावर ‘फट्’ असा आवाज आला तर तीही बहुतेक वेळा खराबी नसते; आतली हवा कोंडून पडदा पत्र्याला टेकलेला असतो. पावसाळ्यात एक बाजू क्षीण वाटली तर दमटपणामुळे भार झिरपत असू शकतो. कोरड्या जागी ठेवून पाहावे, लगेच विक्रेत्याशी भांडू नये. धुळीपासून मात्र जपावे, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे तिची काय कमतरता!

स्टॅक्सच्या एसआर-009च्या माहितीपत्रकात 42 हजार हर्ट्झ लिहिलेले असते. सीडी 22 हजारांच्या जरा वर थांबते आणि माणसाचा कान तरुणपणीही सुमारे 20 हजारांना. 1937 साली वारलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांत तर वरच्या कंपनांचा मोठा भाग मुळात नोंदलेलाच नाही. जे नोंदले गेले नाही, ते कुठलाही हेडफोन ऐकवणार नाही.

आता किंमत. झेनहायझरचा एचई 1 बाजारात आला तेव्हा सुमारे 50 हजार युरोंना होता. ‘महाग म्हणजे अचूक’ हे मात्र गृहीत धरता येत नाही. येरून ब्रेबार्ट यांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 283 हेडफोनांची मोजमापे किमतीशी ताडून पाहिली. स्वरपल्ल्यातील समतोल आणि किंमत यांत संबंध आढळला नाही. अभ्यास सर्व प्रकारच्या हेडफोनांचा होता, पण महागड्या गोष्टीकडे पाहण्याची नजर त्याने बदलायला हवी.

मला विचाराल तर खरी फसगत तुलनेच्या पद्धतीत होते. एक हेडफोन दुसऱ्यापेक्षा दीड-दोन डेसिबलने मोठा वाजला, तर मोठेपणा लक्षात येत नाही. तो ‘जास्त स्पष्ट’ वाटतो. म्हणून आधी पातळी जुळवावी, मग तेच तीस सेकंद आलटून पालटून ऐकावेत. तंबोऱ्याची जवारी उत्तम परीक्षक आहे, कारण तिच्यातले उपस्वर जरा इकडेतिकडे झाले की लगेच टोचते. आणि हे रात्री उशिरा करावे. बहुतेक इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन पाठीमागून उघडे असतात. दौलताबादच्या रस्त्यावरून जाणारा ट्रक त्यांतून थेट मैफलीत शिरतो, आणि तुमची मैफल शेजारच्या पलंगापर्यंत पोहोचते.