‘जीन’ शब्दाचे गणगोत

वाशीम जिल्ह्यात कारंजा लाडच्या बाजूला ‘जीन’ म्हटले की आधी कपाशीचा कारखाना डोळ्यांपुढे येतो. वेचलेल्या कापसातून सरकी काढून रुई वेगळी करायची, ती जिनात. शब्द इतका मुरला आहे की तो इंग्रजी असल्याचे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

मूळ इंग्रजी ‘जिन’ हा ‘एंजिन’चा झिजलेला अवतार. लॅटिनमध्ये ‘इंजेनियम’ म्हणजे उपजत बुद्धी. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे ‘एंजॅं’ झाले आणि बुद्धीवरून अर्थ युक्तीवर, युक्तीवरून यंत्रावर आला. मध्ययुगीन इंग्रजीत ‘जिन’ म्हणजे शिकारीचा सापळाही होता आणि वजन उचलण्याची यारीही. अमेरिकेत एली व्हिटनीने १७९४ मध्ये सरकी काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हापासून कापूस आणि ‘जिन’ यांची जोडी पक्की झाली. व्हिटनीच्या यंत्रात दाते तंतू ओढून घेत. मधल्या फटी इतक्या अरुंद की सरकी पलीकडे जाऊ शकत नसे. भारतातल्या जिनांत मात्र बहुधा रूळ असतात. कातड्याच्या चकत्या गच्च बसवलेला रूळ फिरतो, त्याला लागून पोलादी पाते असते. रूळ तंतू ओढतो, पाते सरकी अडवते आणि ती खाली गळते. कापसाच्या वजनात रुई साधारण एक तृतीयांश भरते, बाकी बहुतेक सरकीच.

याच उच्चाराचे बाकीचे शब्द मात्र निरनिराळ्या घरचे आहेत. घोड्यावर कसायचे जीन फारसीतून आले. खाकी चड्ड्यांचे जाड जीन आणि आजची जीन्स पँट यांचे नाव इटलीतल्या जिनोआ बंदरावरून पडले. ‘जिन’ ही दारू डच ‘येनेव्हर’ची, म्हणजे ज्या फळांनी तिला वास येतो त्या जुनिपरची, नातेवाईक. दिव्यातला जिन अरबी. आणि मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांचे मंदिर आहे, तिथला ‘जिन’ संस्कृत ‘जि’ धातूचा, म्हणजे विकार जिंकलेला. दारूला आणि तीर्थंकरांना जवळपास एकच अक्षरे मिळावीत, हा निव्वळ योगायोग.

एक नाते मात्र खरे आहे. आनुवंशिकतेचा ‘जीन’ हा शब्द डेन्मार्कचे शास्त्रज्ञ योहानसेन यांनी १९०९ मध्ये ग्रीकवरून घडवला. त्याच्या आणि ‘इंजेनियम’च्या पोटात एकच प्राचीन धातू आहे: उत्पन्न होणे, जन्मणे. आपला ‘जन्म’ही त्याच कुळातला. म्हणजे कारखान्यातले जीन आणि पेशीतले जीन दूरचे भाऊ ठरतात.

हे भाऊ कपाशीत पुन्हा भेटले. २००२ मध्ये भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचे जीन तिच्यात घातलेले असते. त्यामुळे झाड स्वतःच बोंडअळीला मारक प्रथिन तयार करते. पुढे गुलाबी बोंडअळी त्याला सरावली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातल्या शेतकऱ्यांना मोठा फटका बसला.

बीटीचे बियाणे बहुतांश संकरित असते. संकराच्या पुढच्या पिढीत झाडे सारखी निपजत नाहीत, म्हणून जिनातून निघालेली सरकी सहसा पेरणीला ठेवत नाहीत. ती तेलगिरणीत जाते, ढेप जनावरांपुढे पडते आणि रुई १७० किलोच्या गाठीत दाबून सूतगिरणीकडे रवाना होते.