वलीम्याची बिर्याणी आणि देवनारचा धूर

जानेवारी 2016 च्या अखेरीस देवनारचे डम्पिंग पेटले तेव्हा आम्ही गोवंडीतच शिकवत होतो. सकाळी शाळेला निघालो तर गल्लीचे दुसरे टोक दिसेना. डोळ्यांची आग होत होती आणि मुलांनी तोंडाला रुमाल, ओढण्या बांधल्या होत्या. त्या भागातल्या महापालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. उपग्रहाच्या छायाचित्रांतही तो धूर दिसला. मार्चमध्ये पुन्हा आग लागली. शाळा भरू लागली तरी कितीतरी दिवस वर्गात धड्यापेक्षा खोकलाच जास्त ऐकू येई.

तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारले होते, "टीचर, कचऱ्याला आग लावतं कोण?" आम्ही घाईत म्हणालो, लावत असेल कोणीतरी. तिला अर्धेच उत्तर मिळाले.

देवनारला 1927 पासून कचरा पडतो आहे. थरावर थर चढत डोंगर झाला. भाजीची देठे, शिळा भात, हाडे असा ओला कचरा प्लास्टिकबरोबर दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही. तो आतल्या आत कुजतो आणि मिथेन वायू तयार होतो. हा वायू चटकन पेट घेतो. मग ठिणगी कोणाचीही असो, आग आतल्या थरांत धुमसत राहते आणि वरून मारलेले पाणी तिथवर पोहोचत नाही. ठिणगी टाकणारा एखादा असेल, पण जळण घराघरांतून गेलेले असते. आज मुंबईचा बहुतेक कचरा कांजूरमार्गला जातो. म्हणजे डोंगराची जागा बदलली, आपल्या पिशवीत काय असते ते तेच राहिले.

आणि या पिशव्या सर्वांत जास्त कुठून निघतात? आम्हांला विचाराल तर आमच्या दावतींतून. हे लिहिताना संकोच वाटतो, कारण त्या दावतींत आम्हीही मजेने जेवलो आहोत.

मागच्या हिवाळ्यात एका वलीम्याला गेलो होतो. हॉलच्या मागच्या दाराने बाहेर पडलो तेव्हा काळ्या पिशव्यांचा ढीग दिसला. अर्ध्या खाल्लेल्या बिर्याणीच्या थर्माकोलच्या प्लेटा, टिश्यू, फिरनीच्या वाट्या, दोन घोट पिऊन टाकलेल्या बाटल्या, सगळे एकत्र. दोन बायका त्यातून बाटल्या वेगळ्या काढत होत्या. त्यांतली एक आमच्या एका विद्यार्थिनीची अम्मी निघाली. तिने सलाम केला आणि खरकट्याने भरलेले हात ओढणीखाली घेतले. सलामाचे उत्तर आम्ही दिले, पण तिच्याकडे पाहायचे धाडस झाले नाही.

पुढे ती पालकसभेला आली तेव्हा बोलणे झाले. तेलकट, भात चिकटलेल्या बाटलीला भंगारवाला कमी भाव देतो. कधी घेतच नाही. बाटल्या कोरड्या मिळाल्या तर त्याच मेहनतीत जास्त पैसे. कुर्ल्याची भंगाराची दुकाने असोत की धारावीचे तेरा कंपाउंड, या धंद्यात आपले कितीतरी भाऊ आहेत. तिथे प्लास्टिक निवडून, धुऊन, दळून त्याचे दाणे बनतात आणि पुन्हा वस्तू होतात. मात्र बिर्याणीत लडबडलेले प्लास्टिक त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधीच डोंगराच्या वाटेला लागते. तिने आणखी एक सांगितले. सुया. घरोघरी साखरेचे आजारी, इन्सुलिनच्या सुया तशाच डब्यात टाकलेल्या. तिच्या तळहातावर टोचल्याची खूण होती. आम्ही आता अब्बांच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून, वेगळ्या देतो. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करायची, एवढे तर कोणालाही जमते.

कायदा नव्हता असेही नाही. 2016 च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगळा देण्याची जबाबदारी घरावर टाकली होती. शंभराहून जास्त माणसांच्या कार्यक्रमात कचरा वेगळा करण्याची जबाबदारी यजमानाची, हेही त्यात होते. थर्माकोलच्या प्लेटांवर महाराष्ट्रात 2018 मध्ये बंदी आली. पत्रिका छापताना हे कोणाच्या मनात येते?

यंदा आमच्या एका सहकाऱ्याच्या घरच्या वलीम्यात आम्ही करून पाहिले. येणाऱ्यांची संख्या आधी फोनवर विचारली आणि बावर्चीला एक देग कमी सांगितली. धुऊन वापरायची ताटे भाड्याने आणली. बाटल्यांऐवजी पाण्याचे जार आणि स्टीलचे ग्लास ठेवले. मागे दोन पिंप ठेवले, ओल्याचे आणि सुक्याचे. घरातले बुजुर्ग चिडले. "जेवण कमी पडलं तर लोक काय म्हणतील? खानदानाची इज्जत जाईल!" एकाने शांतपणे आठवण दिली की कुरआनने खाण्यापिण्याला मोकळीक दिली आहे, इसराफला नाही. तेव्हा कुठे ते गप्प झाले, पटले म्हणून नव्हे, वाद नको म्हणून.

सगळे नीट पार पडले असे नाही. पहिल्या पंगतीतच ओल्याच्या पिंपात टिश्यू आणि आइसक्रीमचे कप जाऊन पडले. शेवटी नववीची दोन मुले तिथे उभी केली. त्यांनी मोठ्यांनाही अडवले आणि बोलणी खाल्ली. देगेत उरलेली बिर्याणी गरम असतानाच स्वच्छ डब्यांतून वाटली. हाडे आणि तेलकट भात घरच्या खताच्या माठात चालत नाहीत. उंदीर येतात, वास सुटतो. माठात भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा आणि त्यावर सुका पाला. शिजवलेल्या अन्नावर एकच उपाय, बेताने शिजवणे. बकरी ईदलाही तेच ध्यानात ठेवावे. आतडी, ओझरीतली घाण प्लास्टिकमध्ये बांधून कोपऱ्यावर ठेवू नये, त्या दिवसांत पालिकेची जी गाडी येते तिच्याकडेच द्यावी.

जेवण कमी पडले नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या अम्मीला सुक्याचे पिंप जसेच्या तसे दिले. ती तिथेच बसून निवडू लागली. या वेळी हात ओढणीबाहेर होते.

या रविवारी मोहल्ल्यात आणखी एक वलीमा आहे. मुलाच्या मामांनी ताटे भाड्याने सांगितली आहेत. पाण्याच्या बाटल्यांवरून मात्र घरात अजून वाद चालू आहे.