आधी तोंडातली नळी काढा

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी देवपुरातल्या एका गॅरेजमधून विशीतल्या मुलाला आमच्या अपघात विभागात आणले. खोकल्याची उबळ थांबत नव्हती, डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि श्वासाला पेट्रोलचा उग्र वास येत होता. सोबत आलेल्या मिस्त्रींनी हकिगत सांगितली. एक जुनी प्रीमियर पद्मिनी नव्याने उभी करायला आली होती. तिचे थकलेले इंजिन काढून तिथे मारुतीचे इंजिन बसवायचे होते. त्याआधी टाकी रिकामी करायला या मुलाने टाकीत नळी सोडली, दुसरे टोक तोंडात धरून जोरात ओढले आणि पेट्रोलचा घोट घशात गेला. "काही नही व्हस साहेब, रोजनंच काम शे," मिस्त्री म्हणाले. काम रोजचे होते हे खरेच; म्हणून तर ते धोक्याचे होते.

गाडीचे मालकही मागोमाग आले. निवृत्त गृहस्थ. वडिलांनी घेतलेली ही गाडी त्यांना पुन्हा रस्त्यावर आणायची होती. त्यांची हौस समजण्यासारखी आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या फियाटचे नाव 1974 मध्ये पद्मिनी झाले आणि पुढची पंचवीस वर्षे ती मराठी मध्यमवर्गाच्या लग्नांत, सहलींत आणि दवाखान्याच्या खेपांत सोबत राहिली. एके काळी मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर हीच फियाट शर्यतींतही पळत असे. मुंबईच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली, तेव्हा लोकांनी तिला माणसासारखा निरोप दिला. जुन्या सांगाड्यात नवे इंजिन घालण्याची कल्पनाही नवी नाही. खुद्द प्रीमियर कंपनीने 1985 मध्ये फियाटच्या धाटणीच्या '118 एनई' गाडीत निस्सानचे इंजिन बसवले होते.

प्रश्न हौसेचा नाही. ती हौस पुरवताना गॅरेजमधल्या माणसाच्या शरीरात काय काय शिरते, हा प्रश्न आहे.

पोटापेक्षा फुफ्फुसाला धोका

पेट्रोल प्यायले की पोटात विष होते, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात मोठा धोका ते श्वासनलिकेत गेल्यावर असतो. पेट्रोल पाण्यापेक्षा पातळ आहे आणि ते पृष्ठभागावर झटकन पसरते. ठसका लागताना त्याचे काही थेंब खाली उतरले, तरी फुफ्फुसाच्या बऱ्याच भागात ते पोहोचते. फुफ्फुसातल्या कोट्यवधी वायुकोशांना आतून एक स्निग्ध थर असतो. त्या थरामुळे ते मिटून चिकटत नाहीत. पेट्रोल हा थरच विरघळवते. वायुकोश मिटतात, सूज येते, पाणी भरते. याला आम्ही रासायनिक न्यूमोनिया म्हणतो. एके काळी घरोघरी रॉकेल असताना ते चुकून प्यायलेली लहान मुले याच आजाराने रुग्णालयात येत. आता थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवलेल्या थिनरमुळे तोच प्रसंग येतो.

या आजाराची एक फसवी बाजू आहे. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. या मुलाचाही तसाच होता. खोकला थोडा कमी झाल्यावर तो घरी जायला निघाला होता. आम्ही त्याला ठेवून घेतले. रात्री ताप चढला, श्वासाचा वेग वाढला आणि दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात पांढरे डाग दिसले. ऑक्सिजनवर पाच दिवस काढून तो सावरला.

अशा वेळी घरगुती उपाय घात करतात. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नका. उलटीबरोबर पेट्रोल पुन्हा वर येते आणि फुफ्फुसात जाण्याची दुसरी संधी त्याला मिळते. दूध किंवा तेलही पाजू नका. भिजलेले कपडे काढा, कातडी साबणाने धुवा, माणसाला बसते ठेवा आणि 108 ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा. ठसका लागला असेल, तर बरे वाटत असले तरी किमान सहा तास डॉक्टरांच्या नजरेखाली राहायला हवे.

खरे म्हणजे नळीने द्रव खेचायला तोंड लागतच नाही. 1884 मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या तरुण विश्वेश्वरय्यांनी आपल्याच पांझरेच्या खोऱ्यात, नोकरीच्या सुरुवातीलाच, पाणी पलीकडे नेणारा सायफन बांधला होता. नळी द्रवाने भरलेली असावी आणि बाहेरचे टोक आतल्या पातळीपेक्षा खाली असावे, एवढेच सायफनला लागते. नळी भरायचे काम दाबायच्या रबरी फुग्याचा हातपंप करतो. तो स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो आणि त्याची किंमत नव्या इंजिनच्या खर्चापुढे नगण्य असते. टाकीच्या तळाशी प्लग असेल, तर तो उघडूनही काम होते. मात्र आधी बॅटरीची वायर काढा आणि जवळ विडी, वेल्डिंग काही नको.

"रविवारी बरे वाटते का?"

मुलगा बरा होत असताना त्याची तपशीलवार विचारपूस केली, तेव्हा दुसरीच गोष्ट पुढे आली. गेले सहा-सात महिने त्याला रात्री खोकला येत होता, छातीत शिट्टी वाजत होती. धुळ्याची धूळ आणि थंडी यांवर त्याने ते ढकलले होते. मी विचारले, "रविवारी बरे वाटते का?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "हो. दिवाळीला गावी गेलो, तेव्हा तर खोकला नव्हताच."

इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी 1700 मध्ये कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला त्याचा व्यवसाय काय, हे विचारलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. सुट्टीत थांबणारा आणि कामावर परतताच सुरू होणारा खोकला हे व्यवसायातून होणाऱ्या दम्याचे पहिले लक्षण. या मुलाकडे इंजिनच्या कामाबरोबर गाड्या रंगवण्याचेही काम होते.

गॅरेजमध्ये ज्याला 'पीयू' म्हणतात, तो चकाकणारा रंग दोन डब्यांचा असतो. रंगात हार्डनर मिसळला की तो कडक आणि टिकाऊ होतो. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात. स्प्रेगनमधून उडणाऱ्या बारीक तुषारांबरोबर ती श्वासात जातात. काही जणांच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना शत्रू म्हणून ओळखायला शिकते. एकदा ती ओळख पटली, की पुढे अत्यल्प मात्रेनेही दमा उसळतो. शेजारी कोणी रंग मारत असला तरी पुरते. लवकर निदान होऊन संपर्क तुटला, तर माणूस पुष्कळ सुधारतो. काम तसेच चालू ठेवले, तर दमा कायमचा मागे लागू शकतो.

तोंडाला बांधलेला रुमाल इथे काहीच करत नाही. कोरोनाच्या काळात ओळखीचा झालेला एन-95 मास्क धूळ अडवतो, बाष्प नाही. रंगकामाला निदान सेंद्रिय बाष्प शोषणारे कार्ट्रिज आणि धूळगाळणी असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क सर्वांत चांगला. हवा खेळती हवी आणि रंग सुरू असताना बाकीच्यांनी तिथे थांबू नये.

रंग मारण्याआधी जुना रंग पॉलिश पेपरने घासतात. जुन्या गाड्यांच्या रंगात शिसे असू शकते. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा कमी ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, पण जुन्या पत्र्यावर बसलेला रंग त्याच्या कितीतरी आधीचा आहे. पेपर ओला करून घासला तर धूळ उडत नाही. कामाचे कपडे गॅरेजमध्येच बदलावेत. त्यावरची धूळ घरी लहान मुलांपर्यंत जाते, आणि शिशाचा सर्वांत मोठा मार त्यांच्या वाढत्या मेंदूला बसतो.

क्लचची काळी भुकटी

इंजिन बदलायचे म्हणजे ते गिअरबॉक्सपासून सोडवायचे आणि चेनकप्पीने वर उचलायचे. दोन्ही अलग झाले की क्लच उघडा पडतो. त्याच्या पोकळीत वर्षानुवर्षे झिजलेल्या क्लचप्लेटची काळी भुकटी साठलेली असते. ब्रेकच्या ड्रममध्येही तशीच. आपल्या गॅरेजमधली नेहमीची पद्धत म्हणजे कॉम्प्रेसरची हवा मारून ती उडवून देणे.

त्या काळातल्या क्लचप्लेट आणि ब्रेक लायनर यांत ॲस्बेस्टॉस सर्रास वापरत, कारण ते उष्णतेला दाद देत नाही. त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू फुफ्फुसात रुतून बसतात आणि शरीराला ते विरघळवता येत नाहीत. कर्करोगाला निश्चितपणे कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या जागतिक यादीत ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार आहेत. आजार उमटायला साधारण वीस ते चाळीस वर्षे लागतात. विशीत उडवलेल्या धुळीचा हिशेब साठीत समोर येतो, तेव्हा ते गॅरेजही कुणाच्या आठवणीत नसते. उपाय साधा आहे: हवा मारायची नाही. भुकटी पाणी आणि साबणाने ओली करून फडक्याने पुसायची आणि ते फडके पिशवीत बांधून टाकायचे. 

शटर वर ठेवा

सगळ्यात आनंदाचा क्षण शेवटी येतो: नवे इंजिन पहिल्यांदा सुरू होते. धुळ्याची थंडी किती बोचरी असते, हे आपण जाणतोच. शटर अर्धे खाली असते आणि मिस्त्री बराच वेळ रेस देत इंजिनचा आवाज ऐकत असतात. बदललेल्या इंजिनला जुना सायलेन्सर नीट जुळलेला नसतो, सांधे गळतात.

जुन्या पेट्रोल मोटारींना पीयूसी तपासणीत धुरामध्ये 3 टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड चालतो. म्हणजे दहा लाख भागांत तीस हजार. जीवाला तातडीचा धोका मानली जाणारी पातळी दहा लाखांत 1200 आहे. बंद जागेत ती गाठायला फार वेळ लागत नाही. या वायूला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि पाय उचलत नाहीत. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही इथे फसतो. तो आकडा चांगलाच दाखवतो. असा माणूस दिसला तर आधी इंजिन बंद करून त्याला उघड्यावर आणा आणि ऑक्सिजनसाठी रुग्णालयात न्या. आणि मुळात इंजिन सुरू करायचे ते गाडी बाहेर ढकलून, निदान शटर पूर्ण उघडून.

पाच महिन्यांनंतर

घरी सोडण्यापूर्वी आणि नंतर दोनदा आम्ही त्या मुलाच्या श्वासाची क्षमता तपासली. न्यूमोनियाचा मागमूस राहिला नाही. दमा मात्र आहे. इनहेलरने तो आटोक्यात आहे, पण रंगकाम त्याला यापुढे करता येणार नाही. हे सांगताना मला पेट्रोलच्या वेळेपेक्षा अधिक अवघड गेले, कारण रंगकामाचे पैसे जास्त मिळतात आणि स्वतःचे पेंटिंगचे दुकान टाकायचे त्याच्या मनात होते. मिस्त्रींनी त्याला इंजिनच्या कामाकडे वळवले आहे. रंगाची जागा त्यांनी अंगणात, पत्र्याच्या आडोशाने वेगळी केली. हातपंप आता खिळ्याला टांगलेला असतो. पद्मिनीचे मालक तो स्वतः घेऊन आले होते.

जुनी गाडी नवी करायची असेल, तर इंजिन बदलण्यापूर्वी आरटीओत जरूर विचारा. मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही आणि पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 मध्ये आलेल्या 'व्हिंटेज' नोंदणीला इंजिनमध्ये फेरफार केलेली गाडी पात्र ठरत नाही. मग मिस्त्रींकडून खर्चाचा अंदाज लिहून घ्याल, तेव्हा इंजिन, क्लचप्लेट, रंग, सीट कव्हर यांच्या खाली आणखी एक ओळ तुम्हीच लिहायला सांगा: हातपंप, मास्क, कार्ट्रिज, हातमोजे. पैसे तुम्ही द्या. गाडी तुमची आहे, आणि काम करणाऱ्या मुलाला हे मागण्याची सोय नसते.