टीव्हीवरचा खेळ : चित्र देखणे हवे की वेळेवर हवे?

'मी बटण वेळेवर दाबलं होतं, तरी आउट कसा झालो?' टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलांची ही तक्रार आपण वरचेवर ऐकतो. घरातली मोठी माणसे ती बहुधा हसण्यावारी नेतात. नाचता येईना अंगण वाकडे, असे म्हणून विषय संपतो. पण कधी कधी अंगण खरोखरच वाकडे असते! मुलाने बटण वेळेवर दाबलेले असते. टीव्हीने चित्र उशिरा दाखवलेले असते. हा उशीर किती, तो कोठे होतो आणि रिमोटवरची कोणती बटणे फिरवली असता तो कमी होतो, हे या लेखात पाहू. त्यासाठी लागणारे भौतिकशास्त्र नववी-दहावीच्या पुस्तकातलेच आहे.

बघणे वेगळे, खेळणे वेगळे

क्रिकेटचा सामना चालू असताना शेजारच्या घरातून 'आउट!' असा ओरडा आधी येतो आणि आपल्या पडद्यावर फलंदाज नंतर बाद होतो, हा अनुभव पुष्कळांना असेल. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. तेथपर्यंत जाऊन परत यायला प्रकाशाच्या वेगानेही सुमारे ०.२४ सेकंद लागतो. शिवाय चित्र सांकेतिक रूपात दाबून बसवणे आणि ते पुन्हा उलगडणे यात काही सेकंद जातात. एवढा उशीर होऊनही सामना पाहण्यात काही बिघडत नाही, कारण आपण त्या सामन्यात काही करत नसतो.

खेळात मात्र एक चक्र असते. पडद्यावर काही दिसते, डोळा ते टिपतो, मेंदू ठरवतो, बोट बटण दाबते, यंत्र त्याप्रमाणे चित्र बदलते आणि ते पुन्हा पडद्यावर येते. या चक्रात कोठेही झालेला उशीर खेळाडूच्या वाट्याला येतो. म्हणून सिनेमासाठी उत्तम असलेली मांडणी खेळासाठी उत्तम असेलच असे नाही. दुकानात टीव्ही निवडताना आपण चित्राचा झगमगाट पाहतो. हा उशीर दुकानात दिसतच नाही.

जुन्या टीव्हीत उशीर का नव्हता?

पडद्यावरच्या खेळाचे एक आरंभीचे उदाहरण एका भौतिकशास्त्रज्ञाचे आहे. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळा पाहायला येणाऱ्या लोकांच्या करमणुकीसाठी विल्यम हिगिनबोथम यांनी १९५८ साली ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा खेळ तयार केला. ऑसिलोस्कोप काय किंवा जुना काचेच्या नळीचा टीव्ही काय, दोन्हींत कॅथोड किरण नलिका असते. आत येणारा विद्युतसंकेत इलेक्ट्रॉनांच्या शलाकेची तीव्रता किंवा दिशा तिथल्या तिथे बदलतो आणि पडद्यावरचा ठिपका उजळतो. आपल्याकडील दूरदर्शनच्या जुन्या पद्धतीत एका चित्रात ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रे होती. म्हणजे एक ओळ काढायला फक्त ६४ मायक्रोसेकंद लागत. चित्र साठवून ठेवायला संचात जागाच नव्हती, त्यामुळे ते थांबणार तरी कोठे?

याचा एक मजेदार पुरावा आहे. नव्वदच्या दशकात कॅसेट घालून खेळायच्या टीव्ही गेमबरोबर प्लास्टिकची बंदूक मिळे. बदके टिपण्याचा तो खेळ अनेक शिक्षकांना आठवत असेल. बंदुकीतून काहीच सुटत नसे. उलट तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा घटक असे. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होई आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. नेमक्या त्या क्षणी बंदुकीला उजेड दिसला तर नेम लागला असे यंत्र धरी. हीच बंदूक आजच्या सपाट टीव्हीला जोडली तर कितीही नेम धरा, बदक पडत नाही. पांढरा चौकोन पडद्यावर उमटतो तोवर बंदुकीची पाहण्याची वेळ टळून गेलेली असते. शिवाय जुन्या पडद्याच्या उजेडातले जलद चढउतार ओळखण्याचीही तिच्यात सोय असे, आणि नव्या पडद्यावर तसे चढउतार नसतात.

गाडी कोठे कोठे थांबते?

नांदेडहून निजामाबादकडे जाणारी सगळीकडे थांबणारी गाडी डोळ्यांसमोर आणा. मुदखेड, उमरी, करखेली, धर्माबाद अशी स्थानके घेत ती जाते. प्रत्येक थांबा कोणाच्या तरी सोयीचा असतो, पण पुढच्या प्रवाशाला उशीर होतो. जलद गाडी त्याच रुळांवरून जाते. ती लवकर पोचते ती मुख्यतः थांबे गाळल्यामुळे.

आजच्या टीव्हीत तारेतून आलेले चित्र पडद्यावर उमटण्यापूर्वी असेच अनेक थांबे घेते. या थांब्यांचे तीन प्रकार पाडले म्हणजे सगळा विषय सोपा होतो.

पहिला प्रकार : प्रत्येक ठिपक्यावर स्वतंत्रपणे होणारे बदल. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, रंगाची गडदता आणि रंगाची उष्ण-शीत छटा हे यात येतात. आलेल्या आकड्याच्या जागी दुसरा आकडा ठेवायचा, एवढेच काम. इतर कोणाची वाट पाहावी लागत नाही, म्हणून यांना वेळ जवळजवळ लागत नाही.

दुसरा प्रकार : शेजारच्या ठिपक्यांकडे पाहून होणारे बदल. शार्पनेस हे याचे उदाहरण. त्यासाठी वरच्या-खालच्या काही ओळी हाताशी लागतात. १०८० ओळींच्या आणि सेकंदाला ६० चित्रांच्या संकेतात एका ओळीला सुमारे १५ मायक्रोसेकंद लागतात, तेव्हा दहा ओळी थांबले तरी हा उशीर नगण्यच.

तिसरा प्रकार : मागची-पुढची पूर्ण चित्रे पाहून होणारे बदल. खरा उशीर येथे होतो. हालचाल गुळगुळीत करण्याची सोय घ्या. पडद्यावर मोशन, स्मूद, क्लिअर अशा नावांनी ती दिसते. 'अ' आणि 'आ' या दोन चित्रांच्या मधले, मुळात नसलेले चित्र टीव्हीला स्वतः तयार करायचे असते. पण 'आ' आल्याशिवाय मधले कसे काढणार? म्हणून कमीत कमी एका चित्राइतका वेळ थांबणे अटळ आहे. सेकंदाला ६० चित्रे असतील तर हा वेळ सुमारे १७ मिलिसेकंद होतो आणि वर गणिताला लागणारा वेळ वेगळा. चित्रातील खरखर काढणे, दृश्यानुसार उजेड-अंधाराचे प्रमाण आपोआप बदलणे, अशी कामेही बहुधा पूर्ण चित्र साठवूनच केली जातात. थांबे असे वाढत जातात. हे सगळे चालू असताना उशीर ५० ते १०० मिलिसेकंद, कधी त्याहूनही अधिक होऊ शकतो. 'गेम मोड' निवडला की टीव्ही तिसऱ्या प्रकारचे बहुतेक थांबे गाळतो. अलीकडच्या पुष्कळ संचांत मग उशीर १० ते २० मिलिसेकंदांच्या आसपास येतो.

एवढ्याशा वेळाने काय होते?

५० मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. तो नगण्य वाटतो. तो नगण्य नाही, हे वर्गात एका पट्टीने दाखवता येते.

एका विद्यार्थ्याने ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवावी. दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट उघडी ठेवावी. पहिल्याने न सांगता पट्टी सोडावी, दुसऱ्याने ती पकडावी. पट्टी जेथे पकडली ते अंतर वाचावे. पडणाऱ्या वस्तूने कापलेले अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यावरून वेळ निघतो : ५ सेंटिमीटरला ०.१० सेकंद, ११ सेंटिमीटरला ०.१५, २० सेंटिमीटरला ०.२०, तर ३१ सेंटिमीटरला ०.२५ सेकंद.

बहुतेक मुले २० सेंटिमीटरच्या आसपास पट्टी पकडतात, म्हणजे त्यांचा प्रतिसादकाल सुमारे ०.२० सेकंद. आता कल्पना करा की हीच मुले पट्टीकडे थेट न पाहता ५० मिलिसेकंद उशिरा दाखवणाऱ्या पडद्यात पाहत आहेत. एकूण वेळ ०.२५ सेकंद होईल आणि पट्टी जवळजवळ ३१ सेंटिमीटर पडेल. पण पट्टी तर ३० सेंटिमीटरचीच आहे! ती हातातून निसटेल. मुलगा तोच, त्याची चपळाई तीच. केवळ पडद्यामुळे तो 'आउट' झाला.

क्रिकेटच्या खेळातही हाच हिशेब लावता येतो. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला सुमारे ३९ मीटर जातो. पडदा १०० मिलिसेकंद मागे असेल तर चेंडू जेथे दिसतो त्याच्या जवळजवळ चार मीटर पुढे तो 'खरा' असतो. दोन्ही बाजूंच्या पॉपिंग क्रीजमधले अंतर १७.६८ मीटर आहे हे ध्यानात घेतले म्हणजे चार मीटरांचे मोल कळते. सवयीने मुले बटण थोडे आधी दाबायला शिकतात हे खरे, पण मग दुसऱ्या घरच्या टीव्हीवर तीच सवय त्यांना नडते.

आपला टीव्ही मोजून पाहा

आता अनेक शाळांत डिजिटल वर्गासाठी मोठा टीव्ही आला आहे. एखादा लॅपटॉप एचडीएमआय तारेने त्याला जोडा आणि दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसेल अशी मांडणी करा. सेकंदाचा हजारावा भाग दाखवणारे स्टॉपवॉच चालू करा. दोन्ही पडदे एकाच चौकटीत येतील असा मोबाईलने फोटो काढा. समजा, लॅपटॉपवर १२.४८० आणि टीव्हीवर १२.३९६ दिसले, तर टीव्ही ८४ मिलिसेकंद मागे आहे.

एका फोटोवर विसंबू नये. पडदा सेकंदाला ६० वेळाच बदलत असल्याने एकेका मोजणीत १७ मिलिसेकंदांपर्यंत फरक पडू शकतो. दहा फोटो काढून सरासरी घ्यावी. लॅपटॉपच्या पडद्यालाही स्वतःचा थोडा उशीर असतो, तेव्हा मिळणारा आकडा हा दोन पडद्यांमधला फरक आहे हेही मुलांना सांगावे. हीच मोजणी आधी 'स्टँडर्ड' आणि मग 'गेम' मोडमध्ये केली की थांबे गाळल्याचा परिणाम आकड्यांतच दिसतो. मोजमाप, त्रुटी आणि सरासरी या तिन्ही गोष्टी एका तासिकेत होतात.

मग मांडणी कशी करावी?

क्रम असा ठेवावा. प्रथम ज्या जोडणीला खेळाचे यंत्र जोडले आहे तिच्यासाठी 'गेम मोड' लावावा. काही नव्या संचांत खेळाचे यंत्र जोडताच तो आपोआप लागतो, तरी खात्री करून घ्यावी. त्यानंतर हालचाल गुळगुळीत करणे, खरखर काढणे आणि आपोआप उजेड बदलणे या सोयी बंद आहेत ना, ते पाहावे.

गेम मोडमध्ये चित्र फिके वाटते, म्हणून अनेक जण पुन्हा 'व्हिव्हिड'कडे वळतात. त्याची गरज नाही. पहिल्या प्रकारचे बदल फुकट आहेत, हे आपण पाहिलेच. रंग आणि कॉन्ट्रास्ट गेम मोडमध्ये राहूनच हवे तसे लावावेत. ब्राइटनेस हे नाव मात्र फसवे आहे. पुष्कळ संचांत ते पडद्यामागचा दिवा कमी-जास्त करत नाही, काळा रंग किती काळा दिसावा ते ठरवते. दिव्यासाठी 'बॅकलाइट' असे वेगळे बटण असते. काही संचांत ही नावे उलटसुलटही आढळतात. संगणकावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सोळा पायऱ्यांची पट्टी काढून टीव्हीवर दाखवा. सर्वांत गडद दोन पायऱ्या जेमतेम वेगळ्या दिसतील इथवर ब्राइटनेस आणावा. तो कमी झाला तर गुहेत लपलेला शत्रू दिसणार नाही, जास्त झाला तर सगळे धुरकट दिसेल. शार्पनेस वाढवल्याने नवा तपशील निर्माण होत नाही, फक्त कडांभोवती पांढरी रेघ उमटते. तो कमीच ठेवावा. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर पडद्याच्या मापात 'जस्ट स्कॅन' किंवा तत्सम पर्याय निवडावा, कारण खेळातले गुण आणि नकाशा कोपऱ्यांतच असतात.

खोलीही चित्राचा भाग आहे

उमरीच्या बाजूला उन्हाळ्यातल्या दुपारी दार उघडे असते आणि अंगणातले ऊन थेट पडद्यावर येते. समजा, पडद्याच्या पांढऱ्या भागाची दीप्ती २०० एकक आणि काळ्या भागाची १ एकक आहे, तर प्रमाण २००:१ झाले. उन्हाच्या परावर्तनाने दोन्हींत २० एककांची भर पडली की ते २२०:२१, म्हणजे साधारण १०:१ होते! कोणतेही बटण हे नुकसान भरून काढू शकत नाही. टीव्हीची जागा बदलणे किंवा दारावर पडदा सोडणे हाच उपाय. मात्र रात्री खोलीत मिट्ट काळोख करून डोळे दिपवणारा पडदाही नको. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी एका कार्टून मालिकेत लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा उघडमीट झाला आणि जवळजवळ ७०० जणांना, त्यातही मुख्यतः मुलांना, झटके व भोवळ यांमुळे रुग्णालयात न्यावे लागले. खोलीत मंद दिवा ठेवणे, पडद्यापासून दूर बसणे आणि बॅकलाइट बेताचा ठेवणे यांनी हा धोका कमी होतो. ज्या मुलाला पूर्वी झटके आले असतील त्याच्यासाठी डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा.

वर्गासाठी शेवटी दोन प्रश्न. खेळाचे यंत्र सेकंदाला १२० चित्रे पाठवू लागले, तर हालचाल गुळगुळीत करण्याच्या थांब्यावर कमीत कमी किती वेळ जाईल? आणि खेळाडूचा प्रतिसादकाल ०.२० सेकंद असताना पट्टी ३० सेंटिमीटरच्या आत पकडायची असेल, तर पडद्याला जास्तीत जास्त किती उशीर परवडेल? मुलांना उत्तरे काढू द्या आणि मग आपापल्या टीव्हीवर मोजलेला आकडा त्यांशेजारी लिहायला सांगा. 'मी बटण वेळेवर दाबलं होतं' या म्हणण्यात किती तथ्य आहे, ते मुले स्वतःच ठरवतील.